झांझिबार: आधी पायी, मग शिडानं

पुण्यात झांझिबारचं नाव काढलं की समोरचा दोनच प्रश्न विचारतो: ते नक्की कुठं आलं, आणि तिथं व्हेज मिळतं का. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला, विषुववृत्ताच्या थोडं खाली, टांझानियाचा भाग असलेली ही बेटं. आपण जाणार ते मोठं बेट म्हणजे उंगुजा. उत्तरेला पेंबा नावाचं दुसरं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सातव्या पायरीवर देते.

मी गेल्या जानेवारीत आत्याला घेऊन अकरा दिवस जाऊन आले. आत्या हर्णैची, वय ६८, पासपोर्ट याच प्रवासासाठी पहिल्यांदा काढलेला. निघण्याआधी मी जे शोधलं त्यात निम्मं रिसॉर्टच्या जाहिरातींचं होतं आणि उरलेलं निम्मं युरोपातून येणाऱ्यांसाठी लिहिलेलं. पुण्याहून निघणाऱ्याला अडचण कुठं येते, हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून हा लेख.

एक आधीच सांगते. पांढऱ्या वाळूवर आडवं पडायचं असेल तर हे वाचायची गरज नाही, पॅकेज घ्या आणि जा. माणसं, गल्ल्या, होड्या बघायच्या असतील तर मात्र आधी जमिनीवर फिरा आणि मगच पाण्यात उतरा. उलट केलं तर होडीतून नुसता समुद्र दिसतो.

१. तारखा ठरवण्याआधी वारा बघा

तिथले ऋतू वाऱ्याच्या नावानं ओळखले जातात. साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वाहतो तो कास्काझी. पावसाळ्यानंतर दक्षिणेकडून येतो तो कुसी, तो थेट ऑक्टोबरपर्यंत टिकतो. कच्छ-कोकणाकडची गलबतं शेकडो वर्षं याच हिशोबानं गेली, कास्काझीवर तिकडं आणि कुसीवर परत. ऋतूला तिथं 'मसिमु' म्हणतात. आपला 'मोसम' तोच.

मार्च ते मे मोठा पाऊस असतो, तेव्हा जाऊ नका. नोव्हेंबरात छोटा पाऊस येतो, तो चालून जातो. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जुलै ते सप्टेंबर हे शिडाच्या होडीसाठी चांगले महिने. जुलैत मकुंदुची गावात 'म्वाका कोग्वा' हा नव्या वर्षाचा उत्सव असतो. त्यात पुरुष केळीच्या सोटांनी एकमेकांना झोडपून वर्षभराची भांडणं मिटवतात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ही पद्धत आणावी असं मला फार वाटतं.

रमजान कधी आहे ते बघून घ्या. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. त्या महिन्यात जायला हरकत नाही, रात्री शहर फार सुंदर असतं. पण दिवसा बऱ्याच खानावळी बंद असतात आणि रस्त्यात पाणी पिणंही बरं दिसत नाही.

२. कागदपत्रं, आणि त्यात सर्वात आधी सुई

एवढं जमवा:

- परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा पासपोर्ट
- टांझानियाचा ई-व्हिसा, साधा एकवेळचा, ५० डॉलर
- झांझिबारचा सक्तीचा प्रवास विमा, ४४ डॉलर
- पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं पुस्तक
- परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग, कागदावर छापून

व्हिसा टांझानियाच्या इमिग्रेशन खात्याच्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. शोधायला गेलं की हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स वर येतात आणि दुप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी go.tz ही सरकारी खूण आहे का ते बघा.

विम्याचं कलम नवीन आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना झांझिबारच्या सरकारी विमा महामंडळाचीच पॉलिसी घ्यावी लागते. भारतात काढलेला प्रवास विमा त्याच्या जागी चालत नाही. तो वेगळा असू द्याच, पण ही पॉलिसी घरूनच ऑनलाइन काढून ठेवा. विमानतळावर रांगेत उभं राहून फोनवर अर्ज भरणारे चेहरे मी पाहिले आहेत.

आता लस. पुण्यातली बहुतेक माणसं इथंच चुकतात, कारण सगळं लक्ष व्हिसावर असतं. मुंबईहून सोयीची विमानं नैरोबी किंवा आदिस अबाबावरून जातात, आणि केनिया व इथिओपिया हे दोन्ही पिवळ्या तापाचे देश. तिथं बारा तासांहून जास्त थांबलात तर टांझानियात शिरताना दाखला मागतात. त्याहून कडक आपलंच सरकार आहे. अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. विमानतळाबाहेर पाऊलच टाकलं नसेल तर सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या मर्जीवर. मर्जीवर कशाला राहायचं?

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. पुण्यात अशी सोय आहे, पण लस ठरावीक वारी देतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. आम्हाला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, म्हणजे निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीपुढचं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आत्याला दोन वेळा तपासणीला जावं लागलं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून टाका.

३. पैसे

टांझानियाचा शिलिंग डॉलरला अडीच हजारांच्या आसपास असतो. रुपये घेऊन जाऊ नका, कुणी विचारत नाही. डॉलर पुण्यातच घ्या आणि घेताना प्रत्येक नोट उलटून तिच्यावरचं साल वाचा. २००९ च्या आधीच्या नोटा तिथं सहसा घेत नाहीत. फाटकी, डाग पडलेली, पेनानं आकडा लिहिलेली नोटही नाकारतात. माझी एक पन्नासची नोट २००६ ची निघाली. ती जशी गेली तशी परत आली आणि अजून कपाटात आहे. फॉरेक्स कार्ड शहरात चालतं. खेड्यात, होडीवर, बाजारात रोख शिलिंगच लागतात, तेही सुटे.

४. बॅग भरताना

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर तिथं बंदी आहे. झांझिबारनं ती २००६ मध्येच आणली आणि २०१९ पासून सगळ्या टांझानियात लागू झाली. आपल्या घरी बॅग भरताना चपला एका कॅरीबॅगमध्ये, ओले कपडे दुसरीत आणि चिवडा तिसरीत जातो. ही सवय मोडा. कापडी पिशव्या शिवून घ्या किंवा स्टीलचे डबे न्या.

गुडघे आणि खांदे झाकणारे सैल सुती कपडे न्या, बायकांनी आणि पुरुषांनीही. बहुतांश वस्ती मुसलमान आहे आणि गावातून पोहण्याच्या कपड्यांत फिरलेलं लोकांना आवडत नाही. ते तोंडावर बोलत नाहीत, एवढंच. प्लग इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा, त्याचा ॲडॉप्टर इथूनच घ्या. होडीसाठी मागं पट्टा असलेले रबरी बूट अगदी हवेतच, उथळ पाण्यात काटेरी समुद्री अर्चिन असतात. कागदपत्रांसाठी पाणी न शिरणारी पिशवी, टोपी, आणि उलटी होणाऱ्यांसाठी आवळासुपारी. आवळासुपारी आम्ही निम्म्या होडीला वाटली.

५. घड्याळाचा घोळ

भारताची वेळ तिथल्यापेक्षा अडीच तास पुढं. खरा घोळ वेगळाच आहे. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. नऊ म्हणजे 'सा ताटू', तिसरा तास. दुपारचे बारा म्हणजे 'सा सिटा', सहावा. घड्याळात समोरासमोरचा आकडा वाचला की झालं.

आम्हाला हे पुस्तकातून माहीत होतं, तरी फसलो. जांबियानीच्या किनाऱ्यावर एका होडीवाल्यानं 'उद्या तीन वाजता' असं इंग्रजीत सांगितलं. मी खात्री करावी म्हणून आत्याकडं पाहिलं. तिनं बोटं मोजली. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. 'उद्या सप्तमी, म्हणजे सव्वापाचला भरती. तीनला पाणी चढत असेल, बरोबर सांगतोय तो.' आम्ही निवांत जेवून तीनला गेलो. होडी वाळूवर कलंडून पडलेली, पाणी कुठल्या कुठं गेलेलं, आणि एक पोरगा सांगतोय की नाखवा सकाळी तासभर तुमची वाट बघून गेला. त्यानं 'सा ताटू'चं इंग्रजी केलं होतं, तीन. म्हणजे नऊ.

म्हणून दोन नियम. वेळ सांगितली की 'असुबुही', म्हणजे सकाळ, की 'जिओनी', म्हणजे संध्याकाळ, ते विचारा आणि बोटानं घड्याळावर दाखवायला लावा. दुसरा नियम कोकणवाल्यांसाठी: पाऊणपटीचा हिशोब हर्णैलाच ठेवून या. झांझिबारला पौर्णिमा-अमावास्येची भरती पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. कालनिर्णय मात्र बरोबर घ्या. उधाण कधी आणि भांग, म्हणजे सर्वात कमी चढ-उताराचे दिवस, कधी हे त्यावरून लगेच कळतं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरपर्यंत जातो आणि पूर्व किनाऱ्यावर समुद्र किलोमीटरभर मागं सरतो. त्या दिवसांत होडी तुमच्या सोयीनं निघणार नाही.

६. पहिले तीन दिवस स्टोन टाउन

सन २००० पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे जुनं शहर. गल्ल्या आपल्या कसब्यातल्या बोळांहून अरुंद, आणि फोनवरचा नकाशा इथं हात टेकतो. हरवा, काही बिघडत नाही. कुठूनही उतार धरून चाललं की एकतर समुद्र लागतो नाहीतर दाराजानीचा बाजार. संध्याकाळनंतर मात्र निर्मनुष्य गल्ल्या टाळा.

गोदीवर उतरताच 'पापासी' भेटतात. पापासी म्हणजे गोचीड, फुकट मदत करायला येणाऱ्या दलालांना दिलेलं नाव. 'हापाना, असांते', म्हणजे नको, आभारी आहे, असं हसून म्हणा आणि चालत राहा. वाद घालू नका. पुणेकराला हे सर्वात जड जातं.

दारं बघा. वर कमान आणि अंगावर पितळी टोकदार गोळे असलेली दारं हिंदुस्थानी धाटणीची, वर सरळ कोरीव पट्टी असलेली अरबी. असे गोळे आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर हत्तीच्या धडकेसाठी असत. झांझिबारात हत्ती नाहीत, ते तिथं नुसत्या रुबाबासाठी गेले. किनाऱ्यावरचा जाळीदार सज्ज्यांचा जुना दवाखाना कच्छी खोजा व्यापारी थारिया टोपण यांनी उभारायला घेतला, पाया १८८७ चा. शेजारचा सुलतानाचा बेत-अल-अजायब महाल १८८३ चा, त्याचा एक भाग २०२० च्या डिसेंबरात कोसळला. आणि शांगानी भागात फारुख बुलसारा या पारशी मुलाच्या घराची पाटी दिसेल. जन्म इथला, १९४६ चा, शाळा आपल्या पाचगणीची, पुढं तो फ्रेडी मर्क्युरी झाला. तिथं फोटो काढायला रांग असते.

मकुनाझिनीला जाण्यासाठी वेगळी सकाळ ठेवा. गुलामांचा बाजार इथं भरायचा. १८७३ मध्ये सुलतान बर्घाशनं इंग्रजांच्या दबावाखाली तो बंद केला आणि त्याच जागेवर चर्च उभं राहिलं. बाहेर खड्ड्यात गळ्यात साखळी असलेले पाच दगडी पुतळे आहेत. वाटाड्या घ्या, पण त्याला एक प्रश्न जरूर विचारा: या व्यापाराला भांडवल कुणाचं होतं? सुलतानाची जकात वर्षानुवर्षं एका कच्छी भाटिया पेढीकडं मक्त्यानं होती आणि मळेवाल्या अरबांना कर्ज देणाऱ्यांतही आपलीच माणसं होती. 'भारतीयांनी किती सुंदर दारं दिली' एवढंच ऐकून परत येऊ नका. १२ जानेवारी १९६४ च्या क्रांतीत अरबांबरोबर हिंदी दुकानदारांचीही घरं लुटली गेली. त्याची मुळं इथवर येतात. त्या विषयावर कुणी आपणहून बोललं तर ऐका, स्वतः उकरून काढू नका.

एक रात्र तारबसाठी ठेवा. अरबी वाद्यं आणि स्वाहिली शब्दांचं हे गाणं. त्यातली पहिली मोठी गायिका सिती बिंती साद, तिची ध्वनिमुद्रणं १९२८ मध्ये झाली ती आपल्या मुंबईत. स्वाहिली गाणं तबकडीवर चढलं ते मुंबईला येऊन, हे आत्याला इतकं आवडलं की ती भेटेल त्याला सांगत सुटली.

७. व्हेज मिळतं

'सिली न्यामा वाला सामाकी', मी मांस आणि मासे खात नाही. हे वाक्य पाठ करा. नुसतं 'नो मीट' म्हटलं तर ताटात कोळंबी येते. नारळाच्या दुधातला भात म्हणजे वाली वा नाझी, त्याच रसातला राजमा म्हणजे महारागे, माठासारखी मचिचा भाजी आणि चपाती. चपातीला चपातीच म्हणतात, फक्त ती पराठ्यासारखी पदर सुटलेली असते.

उरोजो चुकवू नका. पिवळा, आंबट, पिठाचा दाटसर रस्सा, त्यात भजी, उकडलेला बटाटा, वर कुरकुरीत कसावा आणि चटणी. मिसळीची चुलत बहीण म्हणा, फक्त तर्रीऐवजी कैरीचा आंबटपणा. त्यात मांसाचे तुकडेही घालतात, आधी सांगा. फोरोधानीच्या बागेत रात्री ठेले लागतात. भाव विचारल्याशिवाय ताट हातात घेऊ नका, आणि मासे खाणाऱ्यांनी समोर भाजलेलेच घ्यावेत, मांडून ठेवलेले नकोत. उसाचा रस आलं-लिंबू घालून देतात, तो निश्चिंत प्या, बर्फ मात्र नको म्हणा.

८. बेटावर फिरायचं ते डालाडालानं

स्वतः गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवान्याशिवाय स्थानिक परवानाही लागतो आणि वाटेत पोलीस तो पुन्हा पुन्हा बघतात. त्यापेक्षा डालाडाला, म्हणजे तिथली शेअर गाडी, बरी. सातारा-कराडकडं वडाप पाहिलं असेल तर नवीन काही नाही. टपावर केळीचे घड, आत गुडघ्याला गुडघे. नुंगवीला ११६ आणि जांबियानीला ३०९ नंबरची. उतरायचं असलं की 'शुशा!' म्हणून ओरडायचं. पाचनंतर गाड्या कमी होतात.

वाटेत जोझानीचं जंगल लागतं, तिथली तांबडी कोलोबस माकडं जगात या बेटांवरच आहेत. मसाल्याच्या मळ्याची फेरी अर्ध्या दिवसाची, घ्या, पण खरेदी तिथं करू नका. लवंगेच्या झाडाखाली मात्र उभं राहायला हवं. कळ्या हिरव्या-गुलाबी असताना खुडतात आणि चटयांवर वाळवून काळ्या करतात, घरापुढचं अख्खं अंगण दरवळत असतं. आत्यानं वेलचीला 'इलिकी' आणि दालचिनीला 'म्दालासिनी' म्हणतात हे ऐकलं आणि तिथपासून ती वही काढून शब्द लिहायला लागली.

जांबियानी आणि पाजेला ओहोटीच्या वेळी बायका गुडघाभर पाण्यात काम करताना दिसतील. ती मवानी, समुद्री शेवाळाची शेती. खुंट्यांना ताणलेल्या दोऱ्यांवर शेवाळाचे तुकडे एकेक करून बांधतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे सुरू झालं आणि बायकांच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला. त्यांच्या दोऱ्यांमधून चालू नका, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. दारात उभं राहून 'होडी!' म्हणायचं, आतून 'कारिबू' आलं तरच पुढं जायचं. होय, शब्द 'होडी'च आहे, अर्थ मात्र 'येऊ का?'

वयानं मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हणा. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरते', उत्तर येतं 'मारहाबा'. आत्याला दिवसभर शिकामू मिळत होतं, ती फार खूश होती.

९. होडी ठरवताना

'ढाऊ', म्हणजे शिडाचं पारंपरिक जहाज, हा शब्द पाटीवर दिसला म्हणून हुरळू नका. पुष्कळ ढाऊंना शीड शोभेला असतं आणि होडी मोटरवर पळते. 'टांगा आऊ माशिने?', शीड की यंत्र, हे विचारा. मोटर सोबत असावी, पण वापरावी अडचणीत.

निवड साधारण तीन प्रकारची. शहराच्या किनाऱ्यावरून संध्याकाळची दोन तासांची फेरी, समुद्राची सवय नसेल तर हिच्यापासून सुरुवात करा. फुंबाहून मेनाई उपसागरात दिवसभराची सफर मोठ्या होडीतून होते. तिच्यात वाळूचे दांडे, क्वाले बेट आणि खारफुटी दिसते. फुंबाच्या बाजूलाच ब्वेलेओला आयआयटी मद्रासची शाखा आहे, २०२३ मध्ये सुरू झालेली, त्यामुळे खानावळीत तमिळ कानावर आलं तर दचकू नका. तिसरी 'नगालावा', आंब्याच्या खोडातून कोरलेली अरुंद होडी, दोन्ही बाजूंना उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं लाकूड. मालवणकडं एका बाजूला असते, इथं दोन. तीन-चार माणसं बसतात आणि ती प्रवाळाच्या आतल्या शांत पाण्यातच फिरते. मला विचाराल तर हीच घ्या.

पैसे देण्याआधी हे बघा:

- लाइफ जॅकेट माणशी एक आहे का. हातात घेऊन, बक्कल लावून बघायचं
- एकूण माणसं किती बसणार
- परत कधी, आणि त्या वेळी पाणी किती असेल
- मेनाईत संरक्षित क्षेत्राची फी दरात आहे की वेगळी
- अर्धे पैसे आधी, अर्धे उतरल्यावर

माणसं मोजण्याबद्दल मी हट्ट धरते त्याला कारण आहे. सप्टेंबर २०११ मध्ये स्पाइस आयलंडर ही फेरी बोट पेंबाला जाताना उलटली, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं भरली होती, शेकडो गेले. गर्दी दिसली तर आगाऊ दिलेले पैसे सोडा आणि उतरा. मालवाहू शिडाच्या जहाजातून मुख्य भूमीवर जायची हौस कुणी चढवून दिली तरी करू नका, परदेशी पाहुण्यांना त्याची मुभा नाही.

किझिमकाझीला डॉल्फिनच्या मागं दहा-दहा मोटरबोटी लागतात. आम्ही गेलो नाही. त्याच गावात कुफी या जुन्या अरबी लिपीतला ११०७ सालचा लेख असलेली मशीद आहे, ती बघा.

नुंगवीला किनाऱ्यावर जहाजं बांधतात. कागदावर आराखडा नसतो, सगळं नजरेनं. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस छिन्नीनं ठोकून बसवतात, आणि दोघं-तिघं ठोकायला लागले की त्याचा ताल धरला जातो. तिथं तासभर बसा. बघण्याचे पैसे मागणारा कुणी आला तर काम करणाऱ्यालाच विचारून द्या.

१०. पाण्यावर

तीनच्या घोळानंतर दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही निघालो. नाखवा पन्नाशीचा, बरोबर त्याचा भाचा. शीड एकच, तिकोनी, ठिगळांचं, तिरक्या काठीला बांधलेलं. वारा भरला आणि होडी एकदम गप्प झाली. इंजिन नसलं की असं होतं, फक्त उलांडीखालून पाणी सरकल्याचा आवाज. भाचा अधूनमधून कापलेल्या तेलाच्या डब्यानं तळातलं पाणी उपसत होता.

आत्या बराच वेळ मागं बघत होती. मग तिनं बोट दाखवून विचारलं, 'सुकाणू?' नाखवा थांबला. 'उसुकानी,' तो म्हणाला. तिनं दोरीकडं दाखवलं, 'नांगर?' तो हसायला लागला. 'नांगा!' पुढं ते दोघंच बोलत होते. बंदर, बंदारी. जहाज, जहाझी. शेवटी तिनं त्याच्याच छातीकडं बोट केलं, 'नाखवा.' त्यानंही स्वतःच्या छातीवर हात ठेवला. 'नहोधा.' मी पुण्याची, मला यातले निम्मे शब्द वर्तमानपत्राच्या अग्रलेखातून माहीत, देशाचं सुकाणू वगैरे. या दोघांना ते हातातून माहीत होते.

परत फिरताना भाच्यानं शिडाच्या काठीचं खालचं टोक उचललं आणि डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला नेलं. त्या वेळी डोकं खाली घाला आणि हात आत ठेवा, सांगायला कुणाला सवड नसते. वजन म्हणून तुम्हालाही सरकवतील, मुकाट्यानं सरका. प्रवाळावर उभं राहू नका, तारामासे फोटोसाठी पाण्याबाहेर काढू नका. होडीवाला स्वतः काढून देत असेल तरी नको म्हणा.

११. आणायचं काय

शंख, प्रवाळ, कासवाचं काही घेऊ नका. ते नियमात बसत नाही आणि विमानतळावर पकडतात. मसाले दाराजानीत घ्या, रस्त्यावर आकर्षक टोपलीत मिळतात ते जुने असतात.

घ्या कांगा. जोडीनं मिळणारं छापील सुती कापड, प्रत्येकाच्या खालच्या कडेला एक स्वाहिली म्हण. म्हण कळल्याशिवाय घेऊ नका, कारण बायका एकमेकींना टोमणे मारायला तो कापडाचा तुकडाच वापरतात. मी एक नुसता रंग बघून उचलला होता. दुकानदारिणीनं वाचून दाखवल्यावर तो परत ठेवला, सासूबाईंसाठी होता. किनार उलटून बघा, पुष्कळ कांगा भारतातच छापलेले असतात. दोन भाग एकत्र असतात, ते मधून कापून घ्यायचे. दुकानाबाहेर पायमशीन घेऊन शिंपी बसलेला असतो, तो दहा मिनिटांत चारही कडा दुमडून देतो. भाव आधी ठरवा.